जुना संगणक : पैसा कुठे घालावा?

समजा, वाटूरच्या एका घरात मुलांसाठी घेतलेला जुना संगणक आहे. तो फार हळू चालतो. दुकानदार म्हणतो, "नवाच घ्या." कपाशीचे पैसे हाती आहेत. पण थांबा! बैल लंगडला तर आपण आधी खूर पाहतो. लगेच बाजार गाठत नाही.

संगणक सुरू व्हायलाच वेळ लागतो का? आत फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल. तिच्याजागी एसएसडी बसवा. तिच्यात फिरणारा भाग नसतो, म्हणून ती चपळ. हा खर्च बहुधा सार्थकी लागतो. मात्र आतली कागदपत्रे आधी दुसरीकडे उतरवून घ्या.

दोन-तीन कामे एकदम काढली की अडतो का? मग रॅम पाहा. रॅम म्हणजे कामाचा ओटा. ४ जीबी असेल तर ८ करा. अर्ज भरायला आणि अभ्यासाला महागडे ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

विंडोज १० चा नेहमीचा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. तुमच्या संगणकावर विंडोज ११ चालेल का, हे आधी विचारा. चालणार नसेल, तर लिनक्स फुकट मिळते.

भाव दोन दुकानी विचारा. पावती घ्या. आधी दुखणे ओळखावे, मग औषध आणावे.