लॅपटॉपची पारख

रायपूर ही छत्तीसगढची राजधानी. येथे पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ १९६४ पासून कार्यरत आहे, तर येथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाला २००५ साली राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्थेचा दर्जा मिळाला. अशा शहरात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आज वह्या-पुस्तकांबरोबर लॅपटॉपही लागतो. सामान्य कुटुंबासाठी ही मोठी खरेदी असते. पदवीची तीन-चार वर्षे तो टिकला नाही, तर पैसा आणि अभ्यास या दोहोंचे नुकसान होते. म्हणून निवड करताना तीन प्रश्न विचारात घ्यावेत : काम कोणते, हवामान कसे आणि दुरुस्ती कोठे?

काम : लेखन, तक्ते, प्रकल्प-अहवाल आणि चित्रफिती यांसाठी मध्यम क्षमतेचा प्रोसेसर व ८ जीबी रॅम पुरेशी असते. 'विंडोज ११' ही प्रणाली ४ जीबीवर सुरू होते. परंतु एकाच वेळी अनेक कामे उघडल्यास तिचा वेग मंदावतो. हलकेफुलके खेळ प्रोसेसरमध्येच असलेल्या ग्राफिक्सवर चालतात. मोठ्या खेळांसाठी स्वतंत्र ग्राफिक्स चिप लागते. पण तिच्यामुळे किंमत, वजन आणि उष्णता वाढते व बॅटरी लवकर उतरते.

हवामान : मे महिन्यात रायपूरचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. प्रोसेसर फार तापला, की स्वतःला वाचवण्यासाठी तो आपला वेग कमी करतो. हवा खेळण्याच्या जाळीत धूळ साचली किंवा लॅपटॉप गादीवर ठेवला, की उष्णता आतच कोंडते. सततच्या उष्णतेने बॅटरीचे आयुष्यही घटते. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकड्या असल्याने तिला धक्का सोसत नाही. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. काही लॅपटॉपांवर 'लष्करी मानकानुसार चाचणी' असे छापलेले असते. त्यांतील कोणत्या चाचण्या घेतल्या, हे पाहिल्याशिवाय त्यावर विसंबू नये. बिजागरी मात्र ग्राहकाला स्वतः उघडझाप करून पारखता येते.

दुरुस्ती : कंपनीचे सेवा केंद्र शहरात आहे का, बॅटरी बदलता येते का, रॅम पुढे वाढवता येते का, हे आधीच विचारावे. सामान्य वॉरंटीत पडझड किंवा सांडलेले पाणी यांमुळे झालेली हानी सहसा धरली जात नाही. जुना लॅपटॉप घेणाऱ्याने तो 'विंडोज ११' चालवू शकतो का, हेही तपासावे. कारण 'विंडोज १०'चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले.

समजा, एकाच किमतीचे दोन लॅपटॉप समोर आहेत. एक झगमगत्या दिव्यांचा, जड, खेळांसाठी बनवलेला. दुसरा साधा, मजबूत बिजागरीचा, रॅम वाढवता येणारा. रोज वर्गात लॅपटॉप नेणाऱ्या आणि सुट्टीच्या दिवशी घटकाभर खेळणाऱ्या विद्यार्थ्याला दुसराच अधिक उपयोगी. वस्तूची खरी किंमत दुकानात नव्हे, तर तिच्या वापराच्या शेवटच्या वर्षी कळते.

पाठगत प्रश्न
१. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरल्यास काय होते?
२. हार्ड डिस्कपेक्षा एसएसडी अधिक टिकाऊ का मानावी?
३. आपल्या गावाचे हवामान लक्षात घेऊन लॅपटॉप खरेदीपूर्वी विचारायचे चार प्रश्न लिहा.