तरुणांचा प्रतिनिधी



संयुक्त राष्ट्रांची आमसभा दरवर्षी न्यूयॉर्क येथे भरते. काही देश आपल्या शिष्टमंडळात एखाद्या तरुणाला किंवा तरुणीलाही घेतात. नेदरलँड्सने ही प्रथा १९७० साली सुरू केली.

या तरुणास मताचा अधिकार नसतो. मत देशाचे असते. मग त्याचे काम काय? सामाजिक प्रश्नांचा विचार करणाऱ्या तिसऱ्या समितीत तो भाषण करतो व तरुणांचे म्हणणे मांडतो. म्हणूनच जाण्यापूर्वी त्याने शाळाकॉलेजांत व कामावर जाणाऱ्या मुलांत हिंडून आधी ऐकले पाहिजे. न ऐकता बोलला तर तो फक्त स्वतःचाच प्रतिनिधी!

लढाईवर वीस वर्षांचा मुलगा जातो, तहाच्या बैठकीला मात्र वडीलधारेच बसतात. ही उणीव ओळखून ९ डिसेंबर २०१५ रोजी सुरक्षा समितीने ठराव क्रमांक २२५० एकमताने मंजूर केला. शांततेच्या वाटाघाटींत तरुणांना स्थान द्यावे, असे त्यात सांगितले आहे.

आता आपल्या घरात पाहू. मुलगा किंवा मुलगी मत मांडू लागली, की आपण म्हणतो, “गप्प बस, तुला काय कळतं?” मग पुढे ती चारचौघांत बोलायला शिकणार कुठे?