आधी निरीक्षण, मग नाव



रायगडच्या डोंगरपायथ्याशी असलेल्या शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षिकेने मुलांना परिसरातील झाडे शिकवायला घेतली की पहिला मोह नावांची यादी पाठ करून घेण्याचा होतो, आणि तोच आधी आवरला पाहिजे. समोरच्या झाडाला पळस का म्हणायचे हे ज्याला सांगता येत नाही, त्याला पळस ओळखता आला असे मानू नये.

आरंभ पानापासून करावा. पान साधे आहे की संयुक्त, म्हणजे एका देठावर अनेक पर्णिका असलेले, हे ठरवताना कोंब कोठे आहे ते पाहावे. तो पानाचा देठ फांदीला मिळतो त्या बेचक्यात असतो, पर्णिकेच्या बुडाशी नसतो. एवढे कळले की पळस आणि पांगारा दोन्ही त्रिदली आहेत, तर सावरीच्या एका पानात बहुधा पाच ते सात पर्णिका एकाच बिंदूतून पसरतात, हे मुले स्वतःच शोधून काढतात. पांगाऱ्याच्या फांद्यांना काटे असतात, पळसाला नसतात. सावरीलाही काटे असतात, परंतु जुन्या बुंध्यावर ते पुष्कळदा उरत नाहीत, म्हणून एकाच खुणेवर निर्णय सोडू नये. ही तिन्ही झाडे थंडी सरताना फुलतात आणि त्या वेळी बहुधा निष्पर्ण असतात. त्यामुळे पावसाळ्यात पानांची चित्रे काढून ठेवावीत आणि फुलांच्या दिवसांत त्याच झाडांशी पुन्हा जावे.

झाडे पाहताना मुले भूछत्रांविषयीही विचारतील; पण भूछत्रे वनस्पती नव्हेत. ती कवके असून त्यांच्यात हरितद्रव्य नसते, म्हणून ती कुजणाऱ्या पदार्थांवर किंवा इतर सजीवांच्या आधारे जगतात. छत्रीचा देठ काढून ती पडद्यांची बाजू खाली करून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर रात्रभर वाटीखाली झाकली, तर बीजाणूंचा, म्हणजे कवकाच्या सूक्ष्म प्रजननकणांचा, ठसा उमटतो आणि त्याचा रंग ओळखीस साहाय्य करतो. मात्र या ठशावरून भूछत्र खाण्याजोगे ठरत नाही. शाळेत कोणतेही भूछत्र चाखू देऊ नये, हाताळल्यावर हात धुवून घ्यावेत, आणि बिब्बा व खाजकुइली यांना हात न लावण्याची ताकीद पहिल्याच दिवशी द्यावी.

ठाकर आणि कातकरी घरांतील मुलांना टाकळा, कुरडू, शेवळे या रानभाज्या पुष्कळदा शिक्षकापेक्षा अधिक ठाऊक असतात; त्यांना वर्गापुढे बोलते करावे, त्यांच्या घरची नावे फळ्यावर लिहावीत आणि त्यांनाही ओळखीची कारणे विचारावीत.

वर्षअखेरीस प्रत्येक मुलापुढे नाव न सांगता एक डहाळी ठेवावी. ज्याने नाव चुकवले, पण तीन खुणा अचूक सांगितल्या, त्याला नुसते नाव सांगणाऱ्यापेक्षा अधिक गुण द्यावेत.