थकलेल्या बिलाचा दावा: कोर्टाआधीची कृती

भोसरीतला जॉबवर्कवाला असो की चाकणचा छोटा पुरवठादार, बिल थकले की आधी फोन होतात, मग फेऱ्या, आणि शेवटी वैतागून ‘केस टाकतो’. ती टाकण्याआधी पुढची कामे याच क्रमाने उरका.

जवळ काय हवे: पीओ (मागच्या पानासकट), टॅक्स इनव्हॉइस, डिलिव्हरी चलान, जीआरएन, लेजर, बँक स्टेटमेंट, ईमेल-व्हॉट्सअॅप, उद्यम प्रमाणपत्र.

१. मुदत मोजा. मालाच्या किमतीच्या दाव्याला तीन वर्षे मिळतात. उधारीचे दिवस ठरले असतील तर ते संपल्यापासून, नसतील तर माल दिल्यापासून. जॉबवर्कच्या मजुरीला काम झाल्यापासून. ‘पुढच्या आठवड्यात बघतो’ या फोनवरच्या वायद्याने मुदत वाढत नाही. मुदतीच्या आत सहीनिशी लेखी कबुली मिळाली तर मुदत नव्याने सुरू होते. म्हणून दर ३१ मार्चला बॅलन्स कन्फर्मेशनवर सही घ्याच.

२. दावा कोणाच्या नावाने? भागीदारी फर्म रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे नोंदलेली नसेल तर करारावरचा दावा टिकत नाही. जीएसटी नंबर म्हणजे ती नोंदणी नव्हे. प्रतिवादीही नीट लिहा: देणे कंपनीचे असते, परचेस मॅनेजरचे नाही.

३. पीओची मागची बाजू वाचा. बारीक अक्षरात लवादाचे कलम किंवा परगावच्या कोर्टाचे नाव सापडेल. लवादाचे कलम असेल तर समोरच्याने मागणी करताच कोर्ट तुम्हाला तिकडे पाठवते.

४. रिजेक्शनचा हिशेब आधीच मिटवा. गेटचा शिक्का माल आत गेल्याचे सांगतो, किती पास झाला ते जीआरएन सांगते. ५०० नग पाठवले आणि ४६० घेतले, तर उरलेल्या ४० चे कागद शोधा. मागाहून निघालेल्या डेबिट नोटला लगेच लेखी उत्तर द्या. बचावात तीच पुढे येते.

५. दार निवडा.

- सूक्ष्म किंवा लघु उत्पादक वा सेवा देणारे असाल आणि उद्यम नोंदणी माल देण्याआधीची असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्याचा रस्ता धरा. लेखी करार असला तरी पैसे देण्याची कमाल मुदत ४५ दिवस. त्यानंतर बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. अर्ज ऑनलाइन, सूक्ष्म-लघु उद्योग सुविधा परिषदेकडे जातो. निवाड्याला आव्हान देणाऱ्या खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते.
- हा रस्ता नसेल आणि व्यावसायिक वाद तीन लाख किंवा त्याहून जास्तीचा असेल, तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. चाकण पट्ट्यातल्या पाटील ऑटोमेशनने हाच मुद्दा सुप्रीम कोर्टापर्यंत नेला. १७ ऑगस्ट २०२२ च्या निकालानुसार, त्या महिन्याच्या २० तारखेपासून मध्यस्थीशिवाय दाखल झालेला दावा फेटाळला जातो. तातडीचा अंतरिम दिलासा हवा असेल तेवढाच अपवाद. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करा. मध्यस्थीचा काळ मुदतीत धरला जात नाही.
- रक्कम तीन लाखांहून कमी असेल तर साधे दिवाणी न्यायालय. प्रतिवादीचा धंदा जिथे चालतो किंवा व्यवहार जिथे झाला, तिथे दावा लावता येतो.

६. नोटीस पाठवा. बिलवार रक्कम, तारखा, व्याज आणि उत्तराची मुदत लिहून पोहोच मिळेल अशा टपालाने. चेक परतला असेल तर घड्याळ वेगळे: बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेली पाहिजे.

७. वसुलीचा विचार आत्ताच करा. हुकूमनामा हाती आला म्हणजे पैसे आले असे होत नाही. समोरच्याने दिले नाहीत तर वेगळी दरखास्त लावावी लागते. त्याचे बँक खाते, मशीन, जागा कुठे आहे, हे धंदा सुरू आहे तोवरच टिपून ठेवा.

एवढी फाइल घेऊनच वकिलाकडे जा, आणि पहिला प्रश्न विचारा: मुदत कोणत्या तारखेला संपते?