चौक सपाट का दिसतो?

प्रश्न : मी सुरतला आर्किटेक्चर शिकते. मुघलसराईवर छोटी ॲनिमेशन फिल्म करतेय. मापं बिनचूक आहेत, तरी चौक सपाट दिसतो. काय करू?

उत्तर : मापं बरोबर असतील, तर उजेड सगळीकडे सारखा पडत असणार. बाकीचे दिवे बंद करून एकटा सूर्य ठेवा आणि सुरतचे अक्षांश भरा, २१.२ उत्तर. डिसेंबरात भर दुपारी इथे सूर्य क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवरच असतो, म्हणजे भिंतीची सावली भिंतीच्या उंचीएवढी पडते. चौक किती खोल आहे, हे प्रेक्षकाला तीच सांगते. जूनमध्ये सावली पायाशी गोळा होते. तो महिना टाळाच.

१६४४ सालची ही सराई, आज महापालिकेची कचेरी. कॅमेरा कमानीच्या आत, काळोखात उभा करा. पहिल्या ४८ फ्रेम, म्हणजे दोन सेकंद, काहीच दाखवू नका. मग कमानीच्या आतल्या कडेवरून उन्हाची तिरीप सरकू द्या. भिंतीची जाडी तिथे कळते. कॅमेरा मात्र हलवू नका. कोपरे उजळायचा मोह होईल, तो आवरा. आणि रेंडरआधी एक सकाळ तिथे जाऊन सावल्यांच्या वेळा टिपून आणा.