इंजिनाच्या ऑईलमध्ये पाणी

कढईतल्या गरम तेलात पाण्याचा थेंब पडला की काय होते, हे घराघरांत ठाऊक आहे. तेल तडतडते आणि हातावर उडते. तेलाचे आणि पाण्याचे जमत नाही. इंजिनातही तसेच आहे. तेथे मात्र हात भाजत नाही, खिसा भाजतो.

डिझेललाही आपण तेल म्हणतो. घोटाळा नको, म्हणून या धड्यात इंजिनाच्या वंगणाला ऑईल म्हणू.

ट्रॅक्टरच्या इंजिनात क्रँक फिरतो, पिस्टन वरखाली होतो. लोखंडाला लोखंड घासू नये म्हणून मध्ये ऑईलचा थर असतो. तो केसाहूनही पातळ असतो. पाणी शिरले की हा थर तुटतो. बेअरिंग खरवडले जाते, भागांना गंज चढतो.

ट्रॅक्टर बहुधा कर्जाचा असतो. पेरणीच्या दिवसांत तो उभा राहिला तर वाफसाही जातो आणि हप्ताही थकतो. म्हणून ऑईलमधले पाणी वेळीच ओळखावे. पण झाकणाला जरा पांढरे दिसले की लगेच इंजिन खोलायला सांगणे, हेही बरे नव्हे. आधी परीक्षा, मग खर्च.

पाणी येते कोठून?

पाणी येण्याच्या वाटा तीन.

पहिली वाट हवेची. डिझेल जळताना वाफ तयार होते. हवेतही दमटपणा असतो. इंजिन नीट तापण्याआधीच रोज बंद केले, तर ही वाफ आत थंड होऊन तिचे पाणी होते. पावसाळ्यात आणि थंडीत हे जास्त घडते.

दुसरी वाट बाहेरची. ट्रॅक्टर पावसात उभा असतो आणि उभा सायलेन्सर उघडा असतो. पाणी त्यातून आत उतरते. ऑईल भरण्याचे झाकण सैल असले तरी पाणी जाते. पुरात बुडाले तर बोलायलाच नको.

तिसरी वाट रेडिएटरच्या पाण्याची. हेड गॅस्केट जळते, हेडला चीर पडते किंवा ऑईल कूलर आतून गळतो. काही इंजिनांत लायनरच्या बाहेरून पाणी खेळते. त्या लायनरच्या तळाशी रबराच्या रिंगा असतात. त्या खराब झाल्या की पाणी थेट खाली चेंबरात उतरते. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑईलची टाकी. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला मात्र ही तिसरी वाट नसतेच.

पहिली परीक्षा : डोळ्यांची

सकाळी, इंजिन चालू करण्याआधी, ट्रॅक्टर सपाट जागी असताना पाहा. ऑईल मापण्याची काडी, म्हणजे डिपस्टिक, काढा. फडक्याने पुसा. पुन्हा आत घालून काढा.

ऑईल काळे असेल तर भिऊ नका. डिझेल इंजिनाचे ऑईल चालून चालून काळे होतेच. पण ते दूध घातलेल्या चहासारखे दिसले, तर पाण्याचा संशय घ्या. काडीवर पाण्याचे मणी दिसले तरीही तोच संशय.

ऑईल न घालताच पातळी वर चढली आहे का? मग आत काहीतरी मिसळले आहे. ते पाणी असेल किंवा डिझेल असेल. डिझेल मिसळले तर ऑईल पातळ होते आणि डिझेलचा वास येतो. ते दुधाळ होत नाही.

आता झाकण पाहा. झाकणाला पांढरट साय आहे, पण काडीवरचे ऑईल स्वच्छ आहे आणि रेडिएटरचे पाणीही घटत नाही. असे असेल तर बहुधा वाट पहिली आहे. साय पुसा. ट्रॅक्टर चांगला तापेपर्यंत कामावर चालवा. आठवडाभर रोज पाहा. साय पुन्हा धरली नाही, तर एक पैसाही खर्च नको.

दुसरी परीक्षा : गरम पत्र्याची

ही परीक्षा उघड्यावर, डिझेलपासून लांब करावी. पोरांना जवळ येऊ देऊ नये. भाकरीचा तवा घेऊ नका. ऑईल विषारी असते. जुना लोखंडी पत्रा तापवा. पाण्याचा थेंब टाकताच चर्र करून उडून जाईल, इतका तापला की पुरे. लालभडक नको. पत्रा आगीवरून उतरवून विटेवर ठेवा.

खिळ्याच्या टोकाने नव्या ऑईलचा एकच थेंब टाका. तो गुपचूप पसरेल. मग इंजिनातल्या ऑईलचा एक थेंब टाका. तोंड दूर ठेवा. तो फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडला, बुडबुडे आले, तर त्यात पाणी आहे. याचे कारण सोपे आहे. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. ऑईल त्याहून कितीतरी जास्त उष्णता सोसते. म्हणून पाण्याची वाफ ऑईल फोडून बाहेर पडते.

पत्रा पाणी आहे की नाही एवढेच सांगतो. पाणी कोठून आले, हे सांगत नाही. अगदी थोडे पाणी असेल तर पत्रा गप्पही बसतो. तेव्हा एका परीक्षेवर निकाल देऊ नये.

तिसरी परीक्षा : बाटलीची

शाळेत आम्ही मुलांना बाटलीत गोडेतेल आणि पाणी घालून दाखवीत असू. पाणी जड, म्हणून ते खाली बसते. चेंबरातही तसेच होते. ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवा. सकाळी इंजिन थंड असताना चेंबरचा ड्रेन बोल्ट थोडाच सैल करा. काचेच्या बाटलीत थोडे ऑईल धरा. आधी पाणी आले, तर शंका उरली नाही. मात्र ऑईल आणि पाणी घुसळून एक झाले असेल, तर ते लवकर वेगळे होत नाही.

वाट कशी ओळखावी?

रेडिएटरचे पाणी रोज घटते, पण खाली जमिनीवर गळत नाही. मग ते जाते कोठे? ऑईल दुधाळ असेल, तर उत्तर मिळाले. वाट तिसरी.

इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण काढा आणि मग इंजिन चालू करा. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले, तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. पाण्यावर ऑईलचा तवंग असेल, तर ऑईल कूलरही तपासून घ्या. बुडबुडे नाहीत, पण पाणी घटतेच आहे, तर लायनरच्या रिंगा तपासायला सांगा. गरम रेडिएटरचे झाकण कधीही काढू नका. उकळते पाणी तोंडावर उडते.

पुरातले इंजिन

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला. अशा वेळी गाड्या पाण्यात बुडतात. पाणी ओसरले की माणूस आधी किल्ली फिरवतो. तेथेच नुकसान होते. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टनवर पाणी साचले असेल, तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

म्हणून बुडालेले इंजिन चालू करू नका, ढकलूनही नाही. बॅटरीची तार काढा आणि मिस्त्रीला बोलवा.

उपाय

ऑईल दुधाळ दिसले की इंजिन बंद ठेवा. आधी पाण्याची वाट बुजवा, मग ऑईल आणि फिल्टर दोन्ही बदला. वाट तशीच ठेवून नवे ऑईल घालणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे. थोडे चालवून पुन्हा काडी पाहा. दुधाळ दिसले तर पुन्हा बदला. जुने ऑईल विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नका. जुने ऑईल गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्या.

पावसाळ्यात उभ्या सायलेन्सरवर डबा पालथा घालावा. इंजिन चालू करण्याआधी तो आठवणीने काढावा.

आता आपल्याला लिहिता येते. त्याचा येथे उपयोग करा. एका वहीत रोज तारीख, काडीवरची पातळी, ऑईलचा रंग आणि रेडिएटरमध्ये घातलेले पाणी लिहा. मिस्त्री म्हणेल, "इंजिन खोलावे लागेल." तेव्हा वही पुढे ठेवा आणि विचारा, "पाणी कोणत्या वाटेने आले, ते दाखवा." ज्याच्याजवळ लिहिलेले आहे, त्याला फसवणे कठीण जाते.

प्रश्न

१. ऑईलमध्ये पाणी येण्याच्या तीन वाटा कोणत्या?
२. झाकणावर साय आहे, पण काडीवरचे ऑईल स्वच्छ आहे. काय कराल?
३. ऑईलची पातळी वाढली. पाणी मिसळले की डिझेल, हे कसे ओळखाल?
४. पुरात बुडालेले इंजिन लगेच चालू का करू नये?
५. आपल्या वहीत आजची तारीख घालून चार रकाने आखा आणि पहिली ओळ लिहा.