आधी लिहा, मग बदला : 'डीएचसीपी क्लायंट'चा पाठ



संगणक वेगवान करण्यासाठी "अमुक सर्व्हिस बंद करा" असे सल्ले पुष्कळ मिळतात. विंडोजमध्ये पडद्यामागे सतत चालणाऱ्या कामाला 'सर्व्हिस' म्हणतात. नाव ओळखीचे नसले की ती निरुपयोगी समजून मुले बंद करतात. परीक्षेचा फॉर्म भरण्याच्या शेवटच्या दिवशी त्यामुळे इंटरनेट अडले, तर नुकसान विद्यार्थ्याचेच. म्हणून या अंकात अशा एका सर्व्हिसची माहिती देत आहोत.

तिचे नाव 'डीएचसीपी क्लायंट'. वर्गात प्रत्येकाला हजेरी क्रमांक असतो, तसा नेटवर्कवर प्रत्येक संगणकाला आयपी पत्ता लागतो. तो मागून आणण्याचे काम हिचे. संगणक हाक देतो, राउटर पत्ता सुचवतो, संगणक तोच पत्ता मागतो आणि राउटर मंजुरी देतो. १९९७ च्या 'आरएफसी २१३१' या नियमपत्रात या चार पायऱ्या दिल्या आहेत. पत्ता ग्रंथालयाच्या पुस्तकासारखा ठराविक मुदतीपुरता मिळतो. निम्मी मुदत सरली की सर्व्हिस ती वाढवून मागते.

तिची मूळ मांडणी अशी : 'स्टार्टअप टाइप' ऑटोमॅटिक आणि 'लॉग ऑन' लोकल सर्व्हिस. बंद पडली असल्यास हा क्रम पाळावा.

१) घरातील इतर उपकरणांवर इंटरनेट चालते का ते पाहा. कुठेच चालत नसेल तर दोष राउटर किंवा लाइनचा असू शकतो.

२) विंडोज आणि आर ही बटणे एकत्र दाबून 'सर्व्हिसेस डॉट एमएससी' उघडा. यादीत 'डीएचसीपी क्लायंट' शोधून ऑटोमॅटिक निवडा, 'अप्लाय' व मग 'स्टार्ट' दाबा.

३) सुरू होत नसेल तर 'डिपेंडन्सीज' पाहा. 'नेटवर्क स्टोअर इंटरफेस सर्व्हिस' बंद असेल तर हीही चालत नाही.

४) संगणक पुन्हा सुरू करा. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून उत्तर आले नाही असे समजा आणि केबल, वाय-फाय व राउटर तपासा.

५) तरीही जमले नाही तर 'सिस्टिम रिस्टोअर'ने आधीच्या तारखेची मांडणी परत आणता येते. त्याने आपल्या फाइली पुसल्या जात नाहीत. मात्र ही सोय आधीपासून चालू ठेवलेली असावी लागते. 'नेटवर्क रीसेट' हा शेवटचा उपाय; त्यानंतर वाय-फायचा पासवर्ड पुन्हा द्यावा लागतो.

ही सर्व्हिस बंद केल्याने वेगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. संगणक कक्षात विद्यार्थ्यांच्या खात्यांना 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'चे अधिकार देत नाही, त्याचे कारणही हेच आहे. त्यात अविश्वास नाही. पण शिकण्याची हौस मोडू नये असेही आम्हांस वाटते. म्हणून घरी प्रयोग जरूर करा. फक्त बदलण्यापूर्वी जुनी मांडणी तारखेसह वहीत लिहून ठेवा. परतीची वाट माहीत असणाऱ्यानेच पुढे जावे.